बाजारातनं म्हैस घेताय? पाच हजार कमी करून मागू नका, दोन रात्री मागून घ्या

प्रश्न थोडक्यात असा होता: नोकरी सोडून पन्हाळ्याकडच्या गावी परत आलोय, थोडा ऊस आहे, दोन दुभत्या म्हशी घ्यायच्यात. वडगावच्या सोमवारच्या बाजारात जाऊन आलो पण काहीच कळलं नाही, दोघं जण टॉवेलाखाली बोटं धरून उभे होते आणि बघता बघता सौदा झाला पण. तर फसायचं नसेल तर बघायचं काय, दलाल घ्यायचा का, हरियाणाची म्हैस बरी का इथली, आणि पुढं कधी विकायची वेळ आली तर काय.

आमच्या घरात वडलांपासून दूध आणि जनावरांची खरेदी विक्री दोन्ही आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट. तुम्ही आणि तुमच्यासारखे नवीन लोक बाजारात सगळी ताकद भाव पाडण्यात घालवता. सव्वा लाख सांगितले, एक लाख दहा हजाराला मिळाली, खूश. पण बाजारात ज्या काय लबाड्या होतात ना त्या सगळ्या फक्त त्या एका सकाळपुरत्या टिकणाऱ्या असतात. दुपारी बाजार मोडेपर्यंत जनावर चांगलं दिसलं पाहिजे, बास. एक रात्र गेली की निम्मं उघडं पडतं, दुसरी रात्र गेली की जवळपास सगळंच. म्हणून माझं सांगणं आहे की दोन पाच हजार जास्त गेले तरी चालतील पण विकणाऱ्याकडून वेळ मागून घ्या.

कास बघा. बाजारात आणायच्या म्हशीची आदल्या संध्याकाळची धार काढतच नाहीत, काही जण तर आदल्या सकाळची पण सोडतात. मग सकाळी कास दगडासारखी ताठ, सड बाहेर आलेले, दूध ठिबकतंय, म्हैस मागचे पाय फाकवून उभी. नवीन माणूस बघतो आणि म्हणतो काय कास आहे राव. ती कास नाही, ते दीड दिवसाचं तुंबलेलं दूध आहे, आणि त्या मुक्या जनावराला त्याचा त्रास होत असतो, दगडी (कासेला सूज येऊन ती खराब होण्याचा आजार) व्हायची भीती असते ती वेगळीच. खरी कास धार काढल्यावर कळते. चांगल्या म्हशीची कास रिकामी झाली की मऊ पडते, कातडीला घड्या पडतात, हातात धरली की पिशवीसारखी हलते. धार काढून झाल्यावर पण कास भरल्यासारखी टणकच राहिली तर आत मांस जास्त आहे नाहीतर सूज आहे, सोडा ती म्हैस.

तर करायचं असं. म्हैस पसंत पडली की इसार द्या, थोडाच, आणि चार माणसांत बोलून ठेवा की बाकीचे पैसे धारा बघून. जनावर आसपासच्या गावचं असेल, म्हणजे हातकणंगले, शिरोळ, वाळवा असं, तर त्याच संध्याकाळी त्याच्या गोठ्यावर जा. व्यापाऱ्याचं असेल तर त्याच्या दावणीला ठेवू दे. पहिली धार मोजायचीच नाही, ती तुंबलेली धार, ती फक्त तुमच्यासमोर पूर्ण रिकामी करून घ्यायची. त्यानंतर बारा बारा तासांनी सलग तीन धारा स्वतः उभं राहून बघायच्या आणि मोजायच्या. सोमवारी संध्याकाळी रिकामी केली तर मंगळवार सकाळ, मंगळवार संध्याकाळ, बुधवार सकाळ. मधल्या वेळात कुणी दूध काढून ठेवत नाही ना याकडं लक्ष ठेवा म्हणजे झालं. विकणारा म्हणाला की "बाजारातनं बाहेर गेली की आमचं काय न्हाई, घ्यायची तर आत्ता घ्या" तर हसून राम राम करा आणि पुढं चला. ज्याची म्हैस खरी असते तो जरा कुरकुर करतो पण तयार होतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

मोजताना बादलीतला फेस मोजू नका. म्हशीच्या दुधाला फेस भरपूर येतो आणि दहा लिटरची बादली काठोकाठ दिसते. टांगायचा काटा मिळतो, बादलीचं वजन वजा करा, किलोत मोजा, लिटर आणि किलोत फार फरक पडत नाही. आणि एक बाटली दूध घेऊन जवळच्या दूध संस्थेत फॅट लावून घ्या, आपल्याकडं गावोगाव दोन दोन चार चार संस्था आहेत, सकाळच्या वेळेला मशीन चालूच असतं. पण बाटली भरताना सगळी धार काढून झाल्यावर दूध ढवळून मग भरा. सुरवातीचं दूध पातळ असतं, शेवटच्या चार धारा सगळ्यात दाट, नुसत्या शेवटच्या दुधाची बाटली भरून दिली तर फॅट भलताच येतो आणि हे विकणाऱ्याला चांगलं माहीत असतं. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून सांगतात, त्याच्या वर गेलात तर वाढ, खाली आलात तर कपात. त्यामुळं बारा लिटर साडेपाच फॅटची म्हैस आणि दहा लिटर साडेसात फॅटची म्हैस यातली दुसरी बऱ्याचदा जास्त पैसे देते आणि खाते पण कमी. नुसता लिटरचा आकडा ऐकून भुलू नका.

एक धार तरी स्वतःच्या हातानं काढा. येत नसेल तर घरातलं जे कोण काढणार आहे, आई, वहिनी, त्यांना बरोबर न्या, हे मी मनापासून सांगतोय कारण उद्यापासून तिच्याजवळ बसायचं त्यांना आहे. काही म्हशी एकाच माणसाच्या हाताला लागलेल्या असतात, काहींची धार इतकी जड असते की बोटं दुखून येतात, काही पेंडीची पाटी पुढं ठेवल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. आणि पान्हवायचं इंजेक्शन कोण टोचत नाही ना ते बघा. त्या औषधाचा असा वापर कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याची सवय लागलेली म्हैस नंतर साध्या पद्धतीनं पान्हा सोडताना फार त्रास देते.

चारही सडांच्या पहिल्या दोन दोन धारा काळ्या ताटलीत किंवा काळ्या कापडावर घ्या. गुठळी, पाणी, लालसर झाक काय दिसलं की दगडीची शंका धरा. घरी करण्यासारखी अजून एक टेस्ट आहे, अर्धा लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम सर्फ विरघळवा, एका सडाचं दूध आणि तितकंच हे पाणी वाटीत घेऊन गोल फिरवा. दूध चिकट जेलीसारखं झालं तर त्या सडात गडबड आहे. चारही सड वेगवेगळे तपासा. एक सड बंद असलेली म्हैस बाजारात सर्रास येते आणि ताठ कासेत ते पटकन लक्षात येत नाही.

रेडकू. ताजी व्यालेली म्हैस म्हणून दुसऱ्याच म्हशीचं लहान रेडकू शेजारी बांधतात. व्यायला चार महिने झालेले असतात आणि सांगतात आठ दिवस झाले. म्हशीचं दूध व्यायल्यावर साधारण दीड दोन महिन्यांनी सगळ्यात वर असतं आणि मग उतरत जातं, त्यामुळं चार महिन्यांची व्यालेली तुम्ही ताज्या म्हशीच्या भावात घेतली तर वर्षाचं गणितच चुकलं. मग काय बघायचं, तर रेडकाचं बेंबाट बघा. आठ दिवसांच्या रेडकाला बहुतेक वाळलेला नाळेचा तुकडा लोंबत असतो नाहीतर नुकता पडलेला असतो, तिथली जागा कळते. मग रेडकू सोडायला सांगा. आपलं असेल तर म्हैस हुंगते, चाटते, हंबरते, पिऊ देते. दुसऱ्याचं असेल तर तिरकी होते, पाय उचलते, शिंग फिरवते. आणि व्यायला चारच दिवस झालेत म्हणून सांगत असतील तर वाटीभर दूध तापवा, चीक असेल तर फाटणारच.

आता एक गोष्ट जी बाजारात फार कमी लोक बघतात. म्हैस बसल्यावर मागनं बघा. विशेष करून गाभण म्हैस घेत असाल तर. अंग, म्हणजे योनीचा आतला भाग, बाहेर टाकायची खोड असलेली म्हैस उभी असताना एकदम ठीक दिसते, पण रात्री पोट भरून बसली की मागून लाल गोळा दिसायला लागतो. उभी राहिली की परत आत. विकणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून बाजारात तो तिला बसूच देत नाही, सारखा उठवतो, फिरवतो, पाणी मारतो. योनीच्या कडेला टाके घातल्याच्या खुणा आहेत का ते शेपूट बाजूला करून बघा. गोठ्यात रात्री नऊ दहा वाजता, सगळी जनावरं बसून रवंथ करत असताना बॅटरी घेऊन जा आणि मागून शांतपणे बघा, त्या पाच मिनिटात जे दिसतं ते बाजारात पाच तासात दिसत नाही.

गाभण म्हणून सांगितली तर डॉक्टरकडून हात घालून तपासून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, विषय संपला. अडीच तीन महिन्यांच्या पुढं अनुभवी डॉक्टर खात्रीनं सांगतो. म्हैस साधारण दहा महिने दहा दिवसांनी विते, गाय नऊ महिने नऊ दिवसांनी, त्यावरनं व्यायची तारीख काढून सांगितलेल्या तारखेशी जुळते का बघा. भाकड आणि वारंवार उलटणारी, म्हणजे भरवली तरी गाभण न राहणारी, म्हैस "चार महिन्यांची गाभण" म्हणून विकणं ही सगळ्यात महागात पडणारी फसवणूक, कारण ती कळेपर्यंत सहा महिने वैरण घालून झालेली असते.

दातांचं जास्त सांगत नाही, ते बघून बघून येतं. कायमचे दात आले नाहीत तोवर आदत, दोन आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळलेला, हे बैलात जास्त बोलतात. म्हशीत पहिली जोडी अडीच तीन वर्षांत येते आणि सगळे दात जुळायला पाच सहा वर्षं जातात. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली, म्हणून सांगतायत आणि दात जुळून झिजलेले दिसले तर समजून घ्या. शिंगावरची वलयं घासून तेल लावून काळी कुळकुळीत करतात, तेव्हा नुसतं शिंग बघून वय ठरवू नका. दुसऱ्या तिसऱ्या वेताची, म्हणजे दोन तीनदा व्यालेली घ्या, पहिलारूच्या नादाला नवीन माणसानं लागू नये असं माझं मत आहे, लाथाळ निघाली तर तुम्हाला आवरणार नाही.

टॉवेलाखालच्या सौद्याबद्दल. ती जुनी हत्ता पद्धत, किती बोटं धरली त्यावर आकडा, बाजूच्या माणसाला भाव कळू नये म्हणून. सगळे हेडी (जनावरांचे व्यापारी) आणि दलाल वाईट असतात असं अजिबात नाही, चांगला दलाल म्हशीची तीन पिढ्यांची माहिती सांगतो आणि नवीन माणसाला त्याची गरज आहेच. अडचण कुठं होते तर विकणाऱ्याशी एका हातानं एक आकडा आणि तुमच्याशी दुसऱ्या हातानं दुसरा, मधलं त्याचं. म्हणून दलाली आधी ठरवा, किती रुपये ते तोंडानं ठरवा, आणि शेवटचा आकडा मालक, दलाल आणि तुम्ही तिघं समोरासमोर असताना मोठ्यानं बोलून घ्या. दलाल शोधताना बाजारात भेटलेला नको, तुमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव किंवा जनावरांचे डॉक्टर ज्याचं नाव घेतील तो घ्या, कारण त्याला परत त्याच गावात तोंड दाखवायचं असतं. दावणीला ओळीनं सात आठ म्हशी बांधल्यात तो व्यापारी, आणि एकच म्हैस, कासरा हातात धरून बाजूला कोण उभा असेल, बरोबर घरातलं पोरगं आलेलं, तो शेतकरी. त्याच्याशी आधी बोला. का विकतोयस हे विचारा आणि गप्प राहून ऐका. लग्न, दवाखाना, पोराची फी, वैरण संपली, ही खरी कारणं असतात आणि अशा घरची म्हैस बहुतेक चांगलीच निघते.

कागद. कानातला बिल्ला असल्याशिवाय जनावर घेऊच नका. १२ अंकी नंबर असतो, आणि १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी विक्रीला मनाई आहे. त्या नंबरवर डॉक्टर भारत पशुधन या सरकारी पोर्टलवर नोंद बघू शकतात, त्यात लसी, रेतन, मालकाचं नाव असं भरलेलं असतं, अर्थात कुणी नीट भरलं असेल तर. सौदा झाला की मालकाचं नाव तुमच्या नावावर बदलून घ्या, नाहीतर विमा काढताना अडतं, आणि विम्यात टॅग नाही तर क्लेम नाही हा साधा हिशोब आहे. बाजार समितीची पावती घ्या. वेगळ्या कागदावर बिल्ला नंबर, कितवं वेत, कधी व्याली किंवा किती महिन्यांची गाभण, मोजलेलं दूध, चारही सड चालू, असं लिहून दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. लोक लाजतात असं लिहून मागायला. लाख रुपयाचा व्यवहार आहे, लाजू नका.

हरियाणाचं. मुऱ्हा चांगलीच म्हैस आहे, वाद नाही. पण तिकडं ती बरसीम (हिरवा चारा) आणि गव्हाच्या काडावर वाढलेली, आणि इथं आल्यावर तिच्यापुढं उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) पडतं. शिवाय एवढा लांबचा प्रवास, हवा बदल, त्यामुळं तिकडं बघितलेलं दूध इथं पहिल्या वेतात बहुतेक मिळत नाही. ज्यांनी टिकवल्या त्यांनी चारा खुराकावर मेहनत घेतली. तुम्हाला सुरवातच करायची आहे तर इथं एक वेत काढलेली मुऱ्हा किंवा चांगली पंढरपुरी घ्या. पंढरपुरीला लोक दूध कमी म्हणून नाकं मुरडतात पण कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात ती परंपरा याच म्हशीवर उभी आहे, रेडकाशिवाय, दिवसातनं कितीतरी वेळा थोडं थोडं दूध देणारी, तलवारीसारख्या लांब शिंगांची, काटक. फॅट पण चांगला. आणि कुठलीही म्हैस घ्या, नुसत्या वाड्यावर ठेवू नका. वाड्यातलं ऑक्झालेट अंगातलं कॅल्शियम खेचतं, मग व्यायल्यावर उठता न येता बसूनच राहणं, माजावर न येणं हे सगळं मागं लागतं. खनिज मिश्रण रोज, आणि वैरणीत दुसरं काहीतरी पाहिजेच.

आणताना डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला, पावती गाडीत ठेवा, विशेषतः गाय बैल असतील तर, रस्त्यात गाडी अडवली तर तेच दाखवायचं. वाहतुकीच्या नियमात एका मालट्रकमध्ये सहाच्या वर मोठी जनावरं भरता येत नाहीत. तुमची एकच असेल तर खाली वाळू नाहीतर भुसा टाका, पाय घसरून कंबर गेली की कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही. येताना विकणाऱ्याकडून तीन चार दिवसाची तिच्या सवयीची पेंड आणि वैरण मागून आणा आणि हळूहळू बदला. घरी आली की तीन आठवडे जुन्या जनावरांपासून लांब बांधा, भांडी वेगळी, धार शेवटी तिची. २०२२ ला लम्पीत बाजार बंद करायची वेळ आली होती ते सगळ्यांनी बघितलंय. लाळ्या खुरकूत तर एका बाजारातनं अख्ख्या गल्लीत पसरतो. शंका आली तर १९६२ ला फोन लावा, पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा नंबर आहे.

विकायचं विचारलंय ते पण सांगतो. उन्हाळ्यात, वाडं संपल्यावर आणि ओली वैरण कमी असताना सगळेच विकायला काढतात, तेव्हा भाव पडतो. दिवाळीच्या आसपास ताज्या म्हशीला मागणी असते. व्यायच्या आधी पंधरा वीस दिवस किंवा व्यायल्यावर महिन्याभरात म्हैस विकली तर सगळ्यात चांगला भाव येतो, भाकड काळात विकलीत तर निम्म्यावर. होलस्टिन गाईचं गणित वेगळं आहे, २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूलाही गोवंशहत्या बंदी लागू आहे, त्यामुळं भाकड गाईला आणि गोऱ्ह्याला गिऱ्हाईक मिळत नाही आणि घरात सांभाळायचा खर्च चालू राहतो. गाय घ्यायच्या आधी हा खर्च धरूनच हिशोब करा. आणि तुम्ही विकायला जाल तेव्हा कास तुंबवून नेऊ नका. "धारा बघून पैसे द्या" असं स्वतःहून सांगा, गिऱ्हाईक थांबतं आणि भाव पण देतं.

शेवटचं, दोन म्हशी एकदम घेऊ नका. म्हैस साधारण नऊ दहा महिने दूध देते आणि दोन वेतांत चौदा सोळा महिन्यांचं अंतर पडतं, म्हणजे दोन्ही एकदम घेतल्या तर दोन्ही एकदमच आटणार आणि संस्थेतलं बिल चार सहा महिने शून्य. एक आत्ता पावसाळ्यानंतर ताजी व्यालेली घ्या. ती घरात रुळू दे, तुमचा पण हात बसू दे. मग चार पाच महिन्यांनी सात आठ महिन्यांची गाभण असलेली दुसरी घ्या, तपासून. ती उन्हाळ्यात विते, तेव्हा दूध सगळीकडंच कमी असतं आणि पहिली आटायच्या आत दुसरीचं दूध चालू झालेलं असतं. त्या उन्हाळ्यासाठी एक दोन गुंठे नेपिअर गवत आत्ताच लावून ठेवा.